झेड४ वरचे रनफ्लॅट काढून साधे टायर बसवायचे आहेत: जोडी कोणती घ्यावी आणि स्टेपनीचे काय?

हिंजवडीकर:

नमस्कार. माझ्याकडे २०१२ सालची, सेकंडहँड घेतलेली बीएमडब्ल्यू झेड४ (ई८९, एसड्राइव्ह ३५आय) आहे. चाके १८ इंची असून पुढे २२५/४० आर१८ आणि मागे २५५/३५ आर१८ असे रनफ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारे) टायर आहेत. नक्षी अजून बऱ्यापैकी शिल्लक आहे, परंतु पुढच्या दोन्ही टायरांच्या बाजूवरचा शेवटचा चार आकडी कोड ३११६ आहे, म्हणजे ते २०१६ च्या ३१व्या आठवड्यात तयार झालेले आहेत. रबर कडक झाले आहे आणि खांद्याजवळ केसाएवढ्या बारीक भेगा दिसू लागल्या आहेत. त्यामुळे चारही टायर बदलणे आता टाळता येणार नाही.

गाडी मुख्यतः पुणे–कोल्हापूर महामार्गावर महिन्यातून एकदा, आणि पावसाळा संपल्यावर ताम्हिणी किंवा वरंध घाटातून कोकणात, अशी चालते. रेस ट्रॅकवर मी जात नाही. मुख्य तक्रार आहे ती दणक्यांची. उड्डाणपुलाच्या प्रत्येक सांध्यावर आधी स्टिअरिंगला धक्का बसतो आणि पाठोपाठ डोक्यावरच्या घडीच्या छताच्या जोडांतून करकर ऐकू येते. माझ्या आईने एकदा कोल्हापूरपर्यंत या गाडीतून प्रवास केला आणि परतताना तिने आपणहून एसटीचे तिकीट काढले.

साधे टायर बसवल्यास हा त्रास कमी होईल असे बरेच जण सांगतात. मात्र सर्व्हिस सेंटरमधील सल्लागाराने 'या गाडीला रनफ्लॅटच लागतात' एवढेच सांगून विषय संपवला. त्यामुळे ज्यांनी हा बदल प्रत्यक्ष केला आहे त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. गाडीचे वळणे बिघडते का? साइज तोच ठेवून लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) कोणता घ्यावा? आणि ज्या गाडीत स्टेपनीसाठी जागाच ठेवलेली नाही, तिच्यात पंक्चर झाल्यावर नेमके काय करावे?

घाटमाथा:

हिंजवडीकर, याच मॉडेलवर, याच साइजमध्ये मी हा बदल साडेतीन वर्षांपूर्वी केला. त्यानंतर सुमारे २२ हजार किलोमीटर गाडी चालली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

'रनफ्लॅटच लागतात' हे विधान जसेच्या तसे खरे नाही. रनफ्लॅट टायरची बाजूची भिंत जाड रबराने मजबूत केलेली असते, जेणेकरून हवा पूर्ण गेली तरी ती गाडीचे वजन पेलू शकते आणि ताशी ८० किलोमीटरच्या आत राहून साधारण ८० किलोमीटर अंतर कापता येते. गाडीतून स्टेपनी काढून टाकता यावी आणि टायर एकाएकी बसला तरी गाडी ताब्यात राहावी, हे त्यामागचे मुख्य हेतू आहेत. अमेरिकेत १९९७ च्या कॉर्व्हेटने हेच केले होते. मात्र बीएमडब्ल्यूच्या स्वतःच्या एम गाड्या साध्या टायरवर येतात, आणि आपल्या गाडीची पुढची पिढी, म्हणजे जी२९ झेड४ एम४०आय, कारखान्यातूनच साध्या टायरवर बाहेर पडते. तेव्हा सल्लागाराचे वाक्य 'ही गाडी रनफ्लॅट गृहीत धरून विकलेली आहे' असे वाचावे. ते गृहीतक काढून घेतल्यावर त्याच्या जागी काय ठेवायचे, एवढाच प्रश्न उरतो.

आता वळण्याविषयी. पहिल्या दिवशी फरक निश्चित जाणवतो, आणि तो सगळाच सुखाचा नसतो. स्टिअरिंग सरळ स्थितीतून किंचित वळवले की रनफ्लॅटवर गाडीचे नाक तत्क्षणी फिरते. साध्या टायरवर तेथे अगदी थोडा, श्वासभर विलंब येतो, कारण मऊ बाजू आधी दबते आणि मग वळते. सुरुवातीला मला पैसे वाया गेल्यासारखे वाटले. पुढे वरंध घाटात, डांबर उखडलेल्या एका वळणावर, खरी गोष्ट लक्षात आली. पूर्वी तेथे मागचे चाक प्रत्येक खाचेवर उसळी घेऊन बाजूला सरकत असे. आता ते रस्त्याला धरून राहिले. गुळगुळीत रस्त्यावर रनफ्लॅट चपळ वाटतात, आपल्या रस्त्यांवर साधे टायर अधिक पकड देतात, असे माझे मत झाले आहे. छताची करकर पूर्ण थांबली नाही, परंतु पूर्वीच्या निम्म्यावर आली. छताच्या रबरी पट्ट्यांना सिलिकॉनचे वंगण लावल्यावर उरलेलीही बरीच कमी झाली. ते काम टायर बदलण्याआधीच करून पाहा, खर्च नगण्य आहे.

लोड इंडेक्सबाबत बहुतेकांचा गोंधळ होतो. तुमच्या रनफ्लॅटवर बहुधा पुढे ८८ आणि मागे ९० असेल, म्हणजे प्रत्येक टायरला अनुक्रमे ५६० आणि ६०० किलो. साध्या टायरमध्ये हेच साइज बहुतांशी एक्सएल (जास्त भार पेलणाऱ्या) प्रकारात मिळतात, पुढे ९२ आणि मागे ९४, म्हणजे ६३० आणि ६७० किलो. आकडा मोठा दिसला की लोकांना वाटते, आता टायर जास्त वजन पेलणार, तेव्हा हवा थोडी कमी ठेवून गाडी आणखी मऊ करू. हीच चूक आहे. साध्या प्रकारच्या टायरचा आकडा २.५ बार, म्हणजे ३६ पीएसआय हवेसाठी असतो, तर एक्सएलचा २.९ बार, म्हणजे ४२ पीएसआयसाठी. दोन्हींत ३३ पीएसआय भरली तर ९० चा साधा आणि ९४ चा एक्सएल टायर जवळजवळ सारखेच वजन पेलतात. म्हणून दाराच्या चौकटीवरील तक्त्यात दिलेल्या आकड्याखाली हवा कधीही नेऊ नये. मी उलट त्याहून २ पीएसआय जास्त ठेवतो. स्टिअरिंगचा तो विलंब त्याने बराच भरून निघतो आणि आराम फारसा कमी होत नाही.

टायरवर कमाल वेग सांगणारे जे अक्षर असते, त्याबाबत फारसे सांगण्यासारखे नाही. गाडीचा कमाल वेग ताशी २५० वर बांधलेला आहे, त्यामुळे डब्ल्यू (२७०) किंवा वाय (३००) यांपैकी काहीही चालेल. व्ही (२४०) घेऊ नये.

आणखी एक मोह टाळावा. आराम वाढवायचा म्हणून मागे २६५/३५ बसवा, असा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. रिमच्या आतल्या बाजूस पाहिल्यास मागच्या चाकावर ८.५जे × १८ असे कोरलेले दिसेल. २५५/३५ साठी तेवढी रुंदी म्हणजे आधीच खालची मर्यादा आहे. २६५ ला किमान ९ इंच रिम हवे. तसेच केवळ पुढचे टायर २३५/४० केले तर त्यांचा व्यास सुमारे ६४५ मिलिमीटर होतो आणि मागचे ६३६ वरच राहतात. मूळ जोडीत हाच फरक दीड मिलिमीटर आहे. चाकांच्या वेगांची तुलना करून चालणाऱ्या स्थिरता नियंत्रण प्रणालीला हा बदल मानवणारा नाही. साइज जसाच्या तसा ठेवा.

चाकजोड:

मी गेली १९ वर्षे सांगलीत टायरचे दुकान चालवतो. रनफ्लॅट काढून साधे बसवणारे ग्राहक माझ्याकडे नियमित येतात. वरील मुद्द्यांशी सहमत आहे. फक्त दुकानाच्या बाजूने दिसणाऱ्या काही गोष्टी सांगतो.

प्रथम रिम तपासून घ्यावे, टायर नंतर निवडावा. रनफ्लॅटची कडक बाजू खड्ड्याचा मार जवळजवळ तसाच रिमपर्यंत पोचवते. त्यामुळे इतकी वर्षे चाललेल्या गाडीच्या चार रिमांपैकी एखादे तरी आतल्या कडेने वाकलेले निघते, आणि बाहेरून ते कधीच दिसत नाही. टायर उतरल्यावर रिम बॅलन्सिंग मशिनवर नुसते फिरवून आतल्या कडेची लहर पाहायला सांगा. कडेला चीर असेल तर वेल्डिंग करून घेऊ नका, चाक बदला. गेल्या दिवाळीच्या सुमारास एक ग्राहक 'नवे टायर बसवले तरी ताशी ९० ला स्टिअरिंग थरथरते' अशी तक्रार घेऊन आला होता. टायर उत्तम होते. पुढचे डावे रिम आतून वाटाण्याएवढे दबलेले होते.

तुमच्या रिमांची आतली कड नेहमीच्या रिमांपेक्षा वेगळी असेल. हवा गेल्यावरही टायरचा बीड (रिमवर घट्ट बसणारी कड) निसटू नये म्हणून तेथे अधिक उंच कंगोरा दिलेला असतो. अशा रिमवर साधा टायर बसतो, त्यात गैर काही नाही, परंतु रनफ्लॅट उतरवताना कारागिराला कष्ट पडतात. ज्या दुकानात मशिनला मदतीचा दुसरा हात नाही आणि पोरे लोखंडी पट्टीने टायर उचकटतात, तेथे हे काम देऊ नका. टायर उतरलेच आहेत तेव्हा व्हॉल्व्ह नवे टाका.

तारखेविषयी तुम्ही स्वतःच जागरूक आहात, हे वाचून बरे वाटले. जून २०२० मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाने नव्या टायरांची आयात निर्बंधित वर्गात टाकली आणि तेव्हापासून आयातीला परवाना लागतो. त्याखेरीज आयएसआय चिन्ह असल्याशिवाय टायर विकता येत नाही. पुढचा २२५/४० आर१८ हा अनेक गाड्यांना लागणारा साइज असल्यामुळे सहज मिळतो. अडचण मागच्या २५५/३५ आर१८ ची आहे, कारण तो जुन्या तीन सीरिजच्या स्पोर्ट चाकांसारख्या मोजक्या गाड्यांनाच लागतो. दुकानदार तो ठेवत नाहीत आणि कोणाकडे असला तर कधी कधी दोन-अडीच वर्षे पडून असतो. म्हणून आधी मागच्या जोडीचा शोध घ्या, ती ज्या कंपनीची आणि नक्षीची ताजी मिळेल त्याच नक्षीची पुढची जोडी घ्या. बहुतेक ग्राहक पुढची जोडी आवडीने ठरवतात, मागची मिळेपर्यंत थांबत नाहीत, आणि शेवटी पुढे एक कंपनी व मागे दुसरी अशी गाडी घेऊन जातात. ओल्या रस्त्यावर पुढची आणि मागची पकड वेगवेगळ्या क्षणी सुटणे हे मागच्या चाकांवर चालणाऱ्या ३०६ अश्वशक्तीच्या गाडीत परवडणारे नाही. एका जोडीत रनफ्लॅट आणि दुसरीत साधे, असे मिश्रण तर मी बसवूनच देत नाही.

नावे विचारालच, म्हणून सांगतो. मिशलिनचा पायलट स्पोर्ट ४ किंवा ४एस हा ओल्यावरची पकड आणि स्टिअरिंगची धार यांसाठी माझी पहिली पसंती राहील. केवळ आराम आणि शांतता हवी असेल तर कॉन्टिनेंटलचे किंवा अपोलोच्या मालकीच्या व्रेडेस्टाइनचे टायरही पाहावेत. या श्रेणीतल्या दोन नावांतला फरक तुम्हाला रस्त्यावर जेवढा जाणवेल, त्याहून सहा महिन्यांचा टायर आणि तीन वर्षांचा टायर यांतला फरक जास्त जाणवेल. नक्षी शक्यतो असममित (आतली आणि बाहेरची बाजू वेगळी असलेली) घ्या, एकाच दिशेने फिरणारी नको. आपल्या गाडीत पुढचे-मागचे साइज वेगळे असल्यामुळे पुढचे चाक कायमचे मागे लावता येत नाही. असममित नक्षी असेल तर निदान डावे-उजवे बदलून झीज सारखी करता येते.

तळकोकण:

सर्वांचा अनुभव चांगला दिसतो, म्हणून उलट बाजूही नोंदवून ठेवतो. गाडी वेगळी होती (दोन दारांची, १९ इंची चाकांची कूपे), प्रश्न हाच होता. मी साधे टायर बसवले, दीड वर्ष आनंदाने वापरले आणि पुन्हा रनफ्लॅटवर आलो.

कारण ताम्हिणीतला एक सप्टेंबर. डोंगरवाडीच्या पुढे रस्त्याच्या कडेचे डांबर पावसाने तुटून धारदार झालेले होते. समोरून आलेल्या बसला जागा देताना डावे मागचे चाक त्या कडेवरून खाली उतरले आणि वर चढले. आवाज फारसा झाला नाही. पन्नास-साठ मीटरवर गाडी मागून बसल्यासारखी वाटली. उतरून पाहिले तर बाजूच्या भिंतीत माझे बोट जाईल एवढी उभी चीर होती. डिकीत पंक्चरचे द्रावण होते, हवा भरण्याचा कॉम्प्रेसर होता, आणि दोन्हींचा काडीचाही उपयोग नव्हता. ते द्रावण नक्षीतल्या खिळ्याच्या भोकासाठी असते. बाजू फाटली की ते फक्त रस्ता पांढरा करते. फोनला रेंज नव्हती. एका दुचाकीस्वाराने मुळशीच्या दिशेने पुढे जाऊन माझ्या वतीने मदत केंद्राला फोन केला. गाडी एवढी बुटकी असल्यामुळे साध्या क्रेनने उचलता येत नव्हती, सपाट पाठीचा ट्रकच हवा होता, आणि तो पुण्याहून येईपर्यंत साडेपाच तास गेले. अंधार, पाऊस, आणि पत्नीबरोबर आठ वर्षांची मुलगी.

रनफ्लॅट असते तर बाजू फाटलीच नसती, असा माझा दावा नाही. ती फाटू शकते. पण त्या रात्री मी निदान ताशी २५-३० ने वस्तीपर्यंत उतरलो असतो, टायर फेकून द्यावा लागला असता तरी. महामार्गावर राहणाऱ्याला माझा सल्ला लागू नाही. कोकणात उतरणाऱ्याने विचार करावा.

हिंजवडीकर:

तळकोकण, इतके स्पष्ट लिहिल्याबद्दल आभार. नेमकी हीच भीती मनात आहे. घाटमाथा, आपण कोकणात जाताना काय सोबत ठेवता? डिकीत एखादी बारीक स्टेपनी ठेवणे शक्य आहे का?

घाटमाथा:

शक्य आहे, परंतु तिच्या मर्यादा आधी समजून घ्या. आपल्या गाडीच्या चाकांना १२० मिलिमीटर वर्तुळावर पाच बोल्ट आणि मधले छिद्र ७२.६ मिलिमीटर असते. या मापाची बारीक स्टेपनी जुन्या बीएमडब्ल्यू सेडानची मिळते. ३५आय चे पुढचे ब्रेक मोठे आहेत, म्हणून ती आपल्या कॅलिपरवरून मोकळी फिरते का, हे घरच्या आवारात चाक लावून, हाताने फिरवून पाहिल्याशिवाय विकत घेऊ नका. छत वर असताना डिकी ३१० लिटरची असते आणि उघडल्यावर १८० लिटरची, कारण छताची घडी तेथेच येते. स्टेपनी ठेवली की छत उघडण्याचा बेत रद्द. मी म्हणून ती कोकणच्या प्रवासापुरतीच ठेवतो. महामार्गावर जाताना ती घरी असते. जॅक आणि बोल्ट काढायचा पाना वेगळा घ्यावा लागेल, रनफ्लॅटच्या गाडीत ते दिलेलेच नसतात. मागचा टायर फाटला तर शक्य असेल तेथे पुढचे एक चाक मागे लावून बारीक स्टेपनी पुढे लावतो, म्हणजे ओढणाऱ्या चाकांच्या व्यासात फार तफावत राहत नाही. काम दुप्पट होते, पण डिफरन्शियल (दोन्ही मागच्या चाकांत ताकद वाटणारी गिअरपेटी) वाचते.

स्टेपनीपेक्षाही मला महत्त्वाचा वाटतो तो हवेचा इशारा. आपल्या गाडीतली प्रणाली टायरमधली हवा मोजत नाही. एबीएसच्या सेन्सरवरून कोणते चाक जास्त फिरते आहे, हे पाहून अंदाज करते. चारही टायरांतली हवा सावकाश सारखीच उतरली तर ती गप्प बसते. रनफ्लॅटवर इशारा उशिरा आला तरी चालत असे, कारण भिंत गाडी पेलत होती. साध्या टायरवर तोच उशीर टायर संपवतो. टायर उतरतील त्याच दिवशी प्रत्येक रिमच्या आत प्रत्यक्ष हवा मोजणारा सेन्सर बसवून घ्या. माझ्या दोन पंक्चरांपैकी एक मला खंबाटकी बोगद्याच्या अलीकडे २६ पीएसआयवरच कळले आणि मी धाब्यावर उभे राहून, हवा भरून, सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्यात पोचून स्ट्रिप (बाहेरून भोकात घालायची चिकट रबरी पट्टी) मारून घेतली. घरी आल्यावर तीच जागा आतून मशरूम पॅचने (भोकात देठ जाणाऱ्या ठिगळाने) पक्की केली.

चाकजोड:

द्रावणाबाबत एक पुस्ती. बाटलीवर मुदत छापलेली असते, ती पाहा. गाडीबरोबर आलेली बाटली बहुधा केव्हाच शिळी झालेली असेल. आत सेन्सर बसवणार असाल तर द्रावण शेवटचा उपाय समजा, त्याने सेन्सरचे छिद्र बुजू शकते. खिळा दिसत असेल आणि हवा हळू जात असेल तर खिळा उपसू नका, कॉम्प्रेसरने हवा भरत भरत जवळच्या दुकानापर्यंत या.

हिंजवडीकर:

जवळजवळ सात आठवड्यांनी लिहितो आहे. आधी मागची जोडी शोधली. पहिल्या दोन दुकानांनी दाखवलेले टायर दोन वर्षांहून जुने निघाले. तिसऱ्याने पंधरा दिवस थांबायला लावून पायलट स्पोर्ट ४ ची, पाच महिन्यांपूर्वी बनलेली जोडी मागवून दिली. पुढे तोच, ९२ वाय एक्सएल. मागे ९४ वाय एक्सएल. चाकजोड यांनी सांगितल्याप्रमाणे रिम नुसते फिरवून पाहिले आणि मागचे उजवे आतून वाकलेले निघाले; ते सरळ करून घेतले, चीर नव्हती. चार सेन्सर आत बसवले, व्हॉल्व्ह नवे टाकले, अलाइनमेंट करून घेतली.

हवा तक्त्याच्या आकड्याहून २ पीएसआय जास्त ठेवली आहे. स्टिअरिंगचा तो विलंब पहिले दोन दिवस खटकला, आता मुद्दाम लक्ष दिले तरच कळतो. उड्डाणपुलाचे सांधे अजून मोजता येतात, पण आता आधी छत ऐकू येत नाही, टायर ऐकू येतो.

ताम्हिणीचा बेत यंदा रद्द केला आहे. कोकणात घरची दुसरी गाडी जाईल, तिच्यात पूर्ण मापाची स्टेपनी आहे. झेड४ साठी कॉम्प्रेसर, स्ट्रिपचा संच आणि हातमोजे एवढेच डिकीत ठेवले आहे. गेल्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागच्या चाकातली हवा १५ पीएसआयवर आणून पुन्हा भरून पाहिली: सहा मिनिटे लागली आणि कॉम्प्रेसरची वायर मागच्या चाकापर्यंत हातभर कमी पडते, हे तेव्हाच कळले. जोडवायर मागवली आहे. पुढच्या शनिवारी आईला घेऊन कोल्हापूरला जातो आहे. परतीचे तिकीट तिने अजून काढलेले नाही.